खा, नाहीतर कर भरा

टूरवरून आलेला नोकरदार माणूस घरात शिरल्याबरोबर खिसे उलटे करतो. बायकोला वाटतं, किल्ली हरवली. मुलांना वाटतं, खाऊ आणलाय. तो शोधत असतो कागद. चार घड्या घातलेलं एसटीचं तिकीट, लॉजचं बिल (त्यावर आडनाव हमखास चुकलेलं), टोलची पावती आणि चहावाल्यानं वर्तमानपत्राच्या कडेवर लिहून दिलेला '40' एवढाच आकडा. हा ऐवज तो जेवणाच्या टेबलावर तारीखवार मांडतो, उडू नये म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद करतो आणि घामाघूम होऊन टीए बिल भरायला बसतो. काम करायला जेवढे कष्ट पडले नाहीत, तेवढे आपण गेलो होतो हे सिद्ध करायला पडतात.

मी या बाबतीत फार काटेकोर आहे. काटेकोर हा माझा शब्द. घरात याला चिकट म्हणतात. नोकरी पुण्यात आणि कंपनीचे ग्राहक जालना, नांदेड, सोलापूर असे चारी दिशांना विखुरलेले. लॉजचं भाडं कंपनी देते आणि खाण्यापिण्याचा म्हणून दिवसाला 1,000 रुपये भत्ता वेगळा. निघताना बायको दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा बांधून देते. दशम्या टिकतात, त्यामुळे भत्ताही टिकतो. या टिकलेल्या भत्त्यातून आमच्याकडे आधी मिक्सर आला, मग कुकर आला. मिक्सरला आम्ही घरात 'जालना' म्हणतो आणि कुकरला 'नांदेड'. सकाळी आमच्या स्वयंपाकघरातून "नांदेडच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा हो" असं ऐकू येतं, आणि नवी मोलकरीण दुसऱ्या दिवशी येत नाही.

हा सुखाचा संसार चालू असताना अकाउंट्सला नव्या मॅडम आल्या.

"भत्ता सगळा खर्च झाला ना?" त्यांनी फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं.

"छे! हजारातले 260 गेले. बाकीचे वाचवले," मी छाती पुढे काढून म्हणालो. त्यांनी निदान 'वा' म्हणावं अशी माझी अपेक्षा होती.

"मग 740 तुमच्या पगारात धरावे लागतील."

"पगारवाढ?"

"करपात्र पगार."

मी खुर्ची ओढून बसलो. मॅडमनी शांतपणे समजावलं. 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 10(14) आणि त्याखालचा नियम 2बीबी काय म्हणतो? माणूस टूरवर असताना नेहमीच्या कामाच्या जागेपासून लांब असतो, त्यामुळे त्याला रोजचा जो साधारण खर्च येतो, तो भागवायला दिलेला भत्ता करमुक्त. पण किती? खरोखर खर्च झाला तेवढाच. उरलेला भत्ता हे उत्पन्न. 740 वर 30 टक्के कर, त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 231 रुपये.

"म्हणजे मी हॉटेलात भरपेट जेवलो असतो तर कर लागला नसता?"

"नाही."

"आणि दशम्या खाल्ल्या म्हणून 231 रुपये?"

"दशम्यांवर कर नाही हो. वाचवण्यावर आहे."

हे ऐकून माझ्या तीन पिढ्यांचे संस्कार जागच्या जागी कोसळले. आमच्या आजोबांनी प्रवासात पाणीसुद्धा विकत घेतलं नाही. वडिलांनी मला मुंजीत मिळालेले पैसे पोस्टात टाकले. पुढे त्याच सरकारनं बचतीला कलम 80सी खाली 1.5 लाखांपर्यंत वजावट दिली आणि पाठीवर हात ठेवून 'वाचव बाळा' म्हटलं. पीपीएफमध्ये वाचवलं तर सवलत आणि नांदेडच्या बसस्टँडवर वाचवलं तर कर? बचत करायलाही एखादी अधिकृत जागा लागते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी हळूच म्हणाले, "अहो, 'सर्व भत्ता खर्च झाला' असं लिहून सही ठोका की. कोण येतंय तुमचं पोट तपासायला?" पण खोटी सही करायला जी छाती लागते, ती मला देवानं दिलेली नाही. मी दुसरा, कायदेशीर मार्ग निवडला. पुढच्या टूरला भत्ता पूर्ण खायचा. हजारच्या हजार. एक रुपया उरला तर नाव बदलेन.

जालन्यासारख्या गावात एकट्या शाकाहारी माणसानं एका दिवसात 1,000 रुपये खाणं सोपं नाही. सकाळी पोहे, उपमा आणि दोन चहा घेऊनही मी 90 च्या पुढे सरकेना. दुपारी स्पेशल थाळी मागवली. ती अमर्याद निघाली, म्हणजे कितीही खाल्लं तरी 220 च. जास्त जेवून बिल वाढत नाही हे लक्षात आल्यावर मी वाढप्याला चिडून विचारलं, "यापेक्षा महाग काही नाही का?" त्यानं मालकाला बोलावलं. मालकानं मला नव्यानं पैसेवाला झालेला समजून पनीरचे तीन प्रकार आणि काजूकरी पाठवली. संध्याकाळी कसाबसा 780 वर पोचलो आणि पोटानं संप पुकारला. रात्रभर लॉजच्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. सकाळी मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या आणि ते बिल जोडलं.

"हे चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "औषध वैयक्तिक."

"पण आजार कंपनीच्या कामामुळे झालाय!"

"कंपनीनं तुम्हाला काजूकरी खायला पाठवलं नव्हतं."

वर 220 रुपये उरलेच. ते पगारात गेले.

ठीक आहे, खर्च करायचा तर खर्चाचा पुरावा हवा. पण आपल्याकडे खरा पुरावा मिळवणं हे खोटा मिळवण्यापेक्षा कठीण. हायवेवरच्या हॉटेलात मी बिल मागितलं तर गल्ल्यावरचा माणूस अदबीनं म्हणाला, "कितीचं बनवू साहेब?"

"जेवलो तेवढ्याचं."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे नेमकं कितीचं?"

"अहो, 180 झाले ना? 180 चं."

तो आत वळून ओरडला, "ए, साहेबांना खरं बिल पाहिजे म्हणे. असतं का आपल्याकडे?" आतून बराच वेळ शोधाशोध ऐकू आली. शेवटी एक गुलाबी बिलबुक सापडलं. त्यातलं पहिलं पान मला मिळालं.

वडापच्या जीपमध्ये टपाच्या दांडीला लोंबकळत सात मैल गेलो आणि ड्रायव्हरकडे पावती मागितली. तो म्हणाला, "मी काय गणपतीची वर्गणी काढतोय?" सगळी जीप हसली. मागच्या बाकावरच्या आजींनी तर "शिकलेला दिसतोय" असा शेराही मारला. जी थोडी छापील बिलं मिळतात, ती त्या गुळगुळीत कागदावरची. दोन महिन्यांत त्यांचा रंग उडतो. ऑडिटच्या वेळी मॅडमनी एक कोरा चिटोरा पुढे धरला.

"हे काय आहे?"

"रात्रीचं जेवण."

"यावर काहीच नाही."

"तेव्हा होतं."

गोव्याच्या टूरला तर मी सगळं चोख केलं. बडं हॉटेल, पक्कं बिल, कंपनीचं नाव, जीएसटी नंबर, सगळं जागच्या जागी. तरी मॅडमच्या कपाळावर आठी. हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी हा खोली ज्या राज्यात आहे त्या राज्याचा स्थानिक कर धरतात. कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात, त्यामुळे गोव्यात भरलेल्या कराचं क्रेडिट कंपनीला मिळत नाही.

"ग्राहक पणजीत आहे, मॅडम."

"सावंतवाडीत राहायचं ना."

या सगळ्या धामधुमीत आमच्या ऑफिसात एका माणसाचं टीए बिल आजवर एकदाही परत आलेलं नाही. प्रत्येक खर्चाला बिल, प्रत्येक बिलावर शिक्का, 5,000 च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्पसुद्धा सरळ रेषेत चिकटवलेला. मॅडम ते बिल नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतात. हा गृहस्थ टूरवर दर वेळी मेव्हण्याकडे उतरतो.

आमच्या सोसायटीतले एक केंद्र सरकारी अधिकारी माझ्या या कहाण्या ऐकून गालातल्या गालात हसतात. त्यांच्याकडे सातव्या वेतन आयोगानंतर 2017 साली निघालेला आदेश आहे आणि त्यात भुकेची प्रतवारी आहे. वेतनस्तर 5 किंवा त्याखालच्या माणसाला दौऱ्यावर दिवसाला 500 रुपयांची भूक. 6 ते 8 ला 800 ची, 9 ते 11 ला 900 ची, 12 आणि 13 ला 1,000 ची. स्तर 14 आणि त्यावरच्या साहेबांना 1,200 ची. हे 2017 चे दर. महागाई भत्ता वाढला की भूकही वाढावी अशी तरतूद त्यात होतीच, आणि त्याप्रमाणे ती पुढे वाढलीही. यातली गंमत अशी की, ज्या वयात माणूस विटा पचवू शकतो त्या वयात त्याला सर्वांत कमी मिळतात, आणि सर्वांत महाग जेवायचा अधिकार येईपर्यंत डॉक्टरांनी मुगाची खिचडी लिहून दिलेली असते.

शिवाय भुकेला घड्याळ आहे. मुख्यालयापासून 6 तासांपर्यंत लांब असाल तर भत्त्याच्या 30 टक्के, 6 ते 12 तासांना 70 टक्के आणि 12 तासांच्या वर पूर्ण. मोजणी मध्यरात्र ते मध्यरात्र. त्यामुळे काम साडेपाच तासांत संपवणारा कार्यक्षम कर्मचारी परगावच्या फलाटावर वजनाच्या काट्यावर तीन-तीनदा उभा राहताना दिसला, तर त्याला रिकामटेकडा समजू नये. तो 30 मधून 70 मध्ये जात असतो.

"आणि चालत गेलात तर?" मी टोमणा मारला.

"2017 च्या आदेशात किलोमीटरला 12 रुपये," ते गंभीरपणे म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण आदेशात खरंच तसं आहे. मी लगेच मनातल्या मनात आळंदी ते पंढरपूर हिशोब केला. सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे 3,000 रुपये. आमच्या काकांच्या आजवरच्या वाऱ्यांची थकबाकी काढली असती तर त्यांचा गावाकडचा वाडा दुरुस्त झाला असता. पण अधिकारी म्हणाले, पांडुरंगाच्या भेटीला सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

खर्चाच्या बाबतीतला हा कडकपणा आपल्या सरकारला एकट्याला सुचलेला नाही. खर्च पूर्णपणे, अपरिहार्यपणे आणि फक्त नोकरीच्या कर्तव्यासाठीच झालेला हवा, ही तिहेरी अट थेट इंग्रजांच्या कायद्याच्या घरातली. तिथे साधारण शंभर वर्षांपूर्वी एक खटला गाजला. लंडनमध्ये वकिली करणारे एक गृहस्थ पोर्ट्समथला अर्धवेळ न्यायाधीश होते. त्यांनी रेल्वेचं भाडं, हॉटेलचा खर्च आणि आपला झगा व केसांचा टोप ज्या पत्र्याच्या पेटीतून न्यायचे, त्या पेटीच्या वाहतुकीचा खर्चसुद्धा उत्पन्नातून वजा मागितला. प्रकरण वरच्या सभागृहापर्यंत गेलं आणि काहीही मंजूर झालं नाही. माणसानं न्याय दिला काय किंवा न दिला काय, त्याला कुठेतरी जेवावं आणि झोपावं लागणारच, असा त्यातला सूर होता. लंडनमध्ये राहायचं हे तुम्ही ठरवलंत, मग पोर्ट्समथचं भाडं सरकारनं का सोसावं? त्याच कायद्यात कामासाठी घोडा पाळण्याचा खर्च मात्र वजा मिळायचा, आणि ही घोड्याची तरतूद 1990 च्या दशकापर्यंत शाबूत होती. मोटार आली, विमान आलं, माणूस चंद्रावर जाऊन परत आला, तरी लंडनच्या आयकर खात्याला वाटत होतं, एखादा कारकून अजून टापा वाजवत येईल.

घर ते ऑफिस हा रोजचा प्रवास मात्र या दोन्ही सरकारांनी कामाचा मानलेला नाही. हिंजवडीच्या सिग्नलला दीड तास उभा असलेला माणूस कायद्याच्या दृष्टीनं खासगी आयुष्य जगत असतो. त्याच्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं महिन्याला 800 रुपयांचा प्रवास भत्ता करमुक्त होता. 2015 मध्ये तो 1,600 झाला, आणि लोकांना त्याची सवय होते न होते तोच 2018 मध्ये गेला. बदल्यात सर्वांना सरसकट 40,000 ची प्रमाणित वजावट मिळाली, पुढे 50,000, आणि नव्या करप्रणालीत आता 75,000. याला एकही बिल लागत नाही! 75,000 रुपये सरकार माझ्या तोंडाकडे बघून मान्य करतं आणि 40 रुपयांच्या चहासाठी वर्तमानपत्राची कड जपून ठेवावी लागते. मोठ्या रकमेला विश्वास आणि लहान रकमेला पुरावा, हा व्यवहार मी बँकेच्या कर्जातही पाहिला आहे.

सरकारनं नोकरदाराच्या सहलीचाही विचार केलेला आहे. त्याला एलटीए म्हणतात. चार वर्षांच्या ठोकळ्यात दोन प्रवास, तेही जुन्या करप्रणालीत राहिलात तरच. सहल भारतातच हवी, रस्ता सर्वांत जवळचा हवा, आणि करमुक्त काय तर फक्त भाडं. हॉटेल नाही, जेवण नाही, घोड्यावरचा फोटो तर नाहीच. म्हणजे सरकारच्या मते आदर्श सहल अशी: कुटुंबानं जवळच्या मार्गानं श्रीनगरला जायचं, स्टेशनवर किंवा विमानतळावर उपाशी बसायचं आणि जवळच्याच मार्गानं परत यायचं. आमचं एकदा असंच दिल्लीचं ठरलं होतं. पण दिल्लीला जाताना सासूबाईंना भेटायचं म्हणून आम्ही नागपूरला वळलो, आणि मॅडमनी नकाशा उघडला.

"नागपूर वाटेत येतं का?"

"बायकोच्या वाटेत येतं."

"मग पुणे-दिल्ली सरळ भाड्याएवढंच मिळेल."

यावर माणसाच्या कल्पकतेनं एकदा भव्य उत्तर दिलं होतं. एका मोठ्या बँकेच्या कर्मचाऱ्याचा प्रवास सर्वोच्च न्यायालयापुढे आला: दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि परत दिल्ली. म्हणणं साधं होतं. जायचं मदुराईलाच होतं आणि भारतातल्या अंतराएवढंच भाडं मागितलंय. येताना जरा सिंगापूर लागलं. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यायालयानं सांगितलं की ही सवलत भारतातल्या प्रवासासाठी, जवळच्या मार्गासाठी आहे, आणि सिंगापूर मदुराईच्या रस्त्यावर लागत नाही. निकाल वाचल्यापासून मला त्या अनोळखी माणसाबद्दल कमालीचा आदर वाटतो. मी नागपूरला वळताना घाबरलो होतो.

आता 2025 चा नवा आयकर कायदा आला आहे, 1 एप्रिल 2026 पासून लागू. कलमं 536 वर आली, 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही वर्षानुवर्षं माणसांना चकवणारी जोडी जाऊन सुटसुटीत 'कर वर्ष' आलं. आमच्या कंपनीलाही सुटसुटीतपणाचा झटका आला. परिपत्रक निघालं: यापुढे रोजचा भत्ता बंद. जो खर्च होईल तो बिल दाखवून वसूल करावा. ना शिल्लक उरणार, ना पगारात धरायचा प्रश्न.

मी धावत मॅडमकडे गेलो. "म्हणजे मी दशम्या नेल्या तर मला काहीच मिळणार नाही?"

"बिल आणा, मिळेल."

"दशमीचं बिल कोण देणार?"

"ते तुम्ही बघा," म्हणून त्या पुढच्या फाइलीकडे वळल्या.

घरी आल्यावर मी हताशपणे सगळा प्रकार बायकोला सांगितला. इतकी वर्षं ती माझी कायद्याची व्याख्यानं भाजी निवडता निवडता ऐकत आलेली. तिनं ऐकलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिनं हात पुसले, मुलाच्या वहीतून एक कागद फाडला आणि पेन घेऊन बसली.

"कितीचं बनवू?"

मी बघतच राहिलो. ती लिहीत होती: दशम्या, चटणी, गूळ, बांधणी, पहाटे चारला उठण्याचा आकार. मग तिनं मागची सगळी वर्षं जोडली. बेरीज बघून मला घाम फुटला. एवढ्यात नवा फ्रिज आला असता.

"हे रोखीनं घेऊ नकोस हं," ती सहीखाली दोन रेघा मारत म्हणाली. "एका दिवसात एका माणसाला 10,000 च्या वर रोख दिले, की कंपनीचा तो खर्च मान्य होत नाही म्हणे. माझ्या खात्यावर टाकायला सांग."

"तुझ्या?"

"मग? दशम्या काय तू लाटल्यास?"